गहाण पडलेली मुले : १९३३ चा कायदा ते २०२२ ची इगतपुरी

१/ सप्टेंबर २०२२. इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी वस्तीवरची सुमारे दहा वर्षांची मुलगी नाशिकच्या रुग्णालयात मरण पावली. मेंढ्या राखण्यासाठी तिला शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळाकडे ठेवण्यात आले होते. चौकशी सुरू झाली, तेव्हा तिच्यासारखी आणखी मुलेही काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात कामाला जुंपल्याचे उघड झाले.

२/ अशा व्यवहारावर कायद्याने बंदी येऊन तेव्हा ८९ वर्षे झाली होती. मग तो टिकला कसा? उत्तरासाठी मागे जावे लागते.

३/ १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी व्हिटली आयोग नेमला. आईबापांना उचल देऊन मुलांचे श्रम गहाण घेण्याची प्रथा आयोगाने नोंदवली आणि १९३३ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. १५ वर्षांखालील मुलाचे श्रम गहाण ठेवणारा करार रद्दबातल ठरला. दंड मात्र दोघांनाही होता : मालकाला २०० रुपयांपर्यंत, पालकाला ५० रुपयांपर्यंत. म्हणजे ज्याने तक्रार करायची, तोच आरोपी. अशा कायद्याच्या दारी कोण जाणार?

४/ याच दशकात मुंबई सरकारने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून प्रांतातील ‘अंशतः वगळलेल्या’ आदिवासी भागांची पाहणी करवली. नाशिक जिल्ह्यातील कळवण आणि पेठ हे भाग या वर्गात मोडत होते. ठाणे जिल्ह्यात तेव्हा ‘लग्नगडी’ पद्धत रूढ होती. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण सावकाराचा गडी होई आणि त्याच्यासोबत त्याची नवी नवरीही राबे. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात जमीनदारांनी आदिवासी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची नोंद केली आहे.

५/ १९४५ मध्ये झरी येथील सभेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. वेठीविरुद्ध उठलेल्यांना शासनाने दिलेले उत्तर हे असे होते.

६/ १९५० मध्ये संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. तरीही संपूर्ण देशाला लागू होणारा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा येण्यास आणखी पाव शतक गेले. ऑक्टोबर १९७५ च्या अध्यादेशाची जागा १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने घेतली.

७/ या कायद्याने १९३३ ची चूक सुधारली. वेठबिगाराचे कर्ज आपोआप नष्ट झाले. ते वेठीचे कर्ज नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आली. वेठ करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या आल्या. तक्रारीची वाट न पाहता वेठबिगार शोधणे हे आता शासनाचे काम होते. १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हे कर्तव्य ठळकपणे मांडले.

८/ इगतपुरीत हे कर्तव्य का पोचले नाही? कातकरी हे नावच कातावरून आले आहे. खैरापासून कात काढणे हा या जमातीचा धंदा होता. जंगलावर सरकारी निर्बंध आल्यावर तो बुडाला आणि हाती उरली वीटभट्टी, कोळसाभट्टी आणि तिथली उचल. शासनदरबारी ही ‘आदिम जमात’. अनेकांकडे जमीन नाही, कागदपत्रे नाहीत. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि चुलीत लाकूड असले तरी मडक्यात धान्य नसते. मुलाच्या बदल्यात पैसे नेमके अशा वेळी पुढे केले जातात. हा व्यवहार तोंडी असतो. त्याला कागद नसतो, म्हणून तो दप्तरातही नसतो.

९/ मुलीच्या मृत्यूनंतर मात्र यंत्रणा हलली. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरले. गुन्हे नोंदले गेले, मुले परत आणली गेली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य शासनाला नोटीस बजावली. पुनर्वसनासाठी केंद्राची योजनाही आहे. तिच्यात तातडीची मदत लगेच देता येते, परंतु मोठी रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि पुढचा पावसाळा मात्र बरोबर एका वर्षात येतो.

१०/ १९३३ मध्ये कायदा दुबळा होता. १९७६ नंतर तसे म्हणता येत नाही. कमी पडली ती दृष्टी : भुकेच्या महिन्यात वस्तीवर जाऊन मुले मोजणारी. दक्षता समितीचा कस गुन्हा नोंदवण्याच्या वेगावर लागत नाही. आषाढात वस्तीवरचे एखादे मूल दिसेनासे झाले, तर ते कुणाच्या लक्षात येते का, यावर तो लागतो.