स्वर व स्वरसंघ यांचे संगणकीय अंकन

स्वर, त्याचा काळ व बल, तसेच एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांचा संघ, ज्यास व्यवहारात कॉर्ड म्हणतात, यांची अंकांच्या रूपाने नोंद ठेवण्याची पद्धती. मॉड्यूलर सिक्वेन्सर म्हणजे स्वतंत्र कामे करणारे लहान घटक आभासी तारांनी एकमेकांस जोडून संगीताचा अनुक्रम वाजविणारी आज्ञावली; तीत कोणता घटक काय करू शकेल, हे पुष्कळ अंशी या नोंदीच्या स्वरूपावर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : ध्वनी लुप्त झाल्यावर मागे राहील अशी स्वराची पद्धतशीर नोंद हिंदुस्थानी संगीतात रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) या दोन महाराष्ट्रीय पंडितांस आहे. भातखंडे-लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली व तार सप्तकासाठी वर बिंदू, आणि स्वर लांबविण्यासाठी पुढील मात्रेच्या जागी आडवी खूण, अशी योजना असून स्वर, गीताची अक्षरे आणि सम-टाळी-खालीची चिन्हे या ओळी मात्रेच्या हिशेबाने एकमेकींखाली मांडलेल्या असतात. सिक्वेन्सरमध्ये स्वर, काळ व बल यांचे प्रवाह पृथक् ठेवून एका समान ठोक्यावर जुळविले जातात. ओळींच्या या स्वातंत्र्याचा व संगतीचा दाखला भातखंड्यांच्या पानांत अगोदरच मिळतो. या लिपीत स्वराचे स्थान षड्जाच्या अपेक्षेने लिहिले जाते व षड्ज गायकाच्या मर्जीवर सोडलेला असतो, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

स्वराचे अंकन : १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या, वाद्ये व संगणक यांना जोडणाऱ्या मिडी संकेतप्रणालीने ० ते १२७ असे स्वरांक ठरविले; त्यांत पियानोचा मधला ‘सी’ हा पाश्चात्त्य स्वर ६० क्रमांकाचा, तर ४४० हर्ट्झचा ‘ए’ ६९ क्रमांकाचा होय. स्वर सुरू झाल्याचा संदेश वेगळा व संपल्याचा वेगळा असल्याने स्वराची लांबी संदेशात नसते. ती दोहोंमधील अंतरावरून काढावी लागते. त्यामुळे बहुतेक आज्ञावल्या आपल्या दप्तरी आरंभ, लांबी, स्वरांक व आघातबल असे चार रकाने ठेवतात. मिलर पकेट यांनी रचलेल्या प्युअर डेटा या आज्ञावलीत स्वरांकाचे कंपनसंख्येत रूपांतर करणारा स्वतंत्र घटक आहे. २०१७ मध्ये आलेल्या व्हीसीव्ही रॅक या आज्ञावलीत मात्र स्वर विद्युद्दाबाच्या अंकाने दर्शविला जातो, व एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो, म्हणजे एका अर्धस्वरास व्होल्टचा बारावा भाग येतो. स्वर केव्हा वाजावा हे सांगणारा ‘गेट’ संकेत तेथे निराळ्या तारेने येतो.

स्वरसंघाचे अंकन : स्वरसंघ तीन प्रकारांनी नोंदविता येतो. पहिल्या प्रकारात ६०, ६४, ६७ अशी स्वरांकांची सरळ यादी असते. ती वाजविण्यास सोपी, परंतु या तीन स्वरांचे परस्परनाते तीत सांगितलेले नसते. दुसऱ्या प्रकारात मूळ स्वर व त्यापासूनची अंतरे, जसे ०, ४, ७, अशी नोंद असते. मूळ स्वर बदलला की संपूर्ण संघ सरकतो आणि ४ च्या जागी ३ ठेवले की गांधार कोमल होतो. तिसऱ्या प्रकारात संघ हा निवडलेल्या स्वरमालिकेतील क्रमांकाने सांगितला जातो, त्यामुळे मालिका बदलताच सर्व संघ तिच्या स्वरांनुसार आपोआप बदलतात. व्हीसीव्ही रॅकची एक तार १६ वाहिन्या वाहू शकत असल्याने अख्खा संघ एकाच तारेतून नेता येतो. तंबोऱ्याच्या चार तारा, मंद्र पंचम, मध्य षड्जाची जोडी व मंद्र षड्ज, या मध्य षड्ज ६० धरल्यास ५५, ६०, ६०, ४८ अशा लिहिता येतील. परंतु हा स्वरसंघ नव्हे, तर अनुक्रम होय, आणि प्रत्येक तारेचा नाद पुढची तार छेडल्यावरही टिकत असल्याने प्रत्येक नोंदीची लांबी तिच्या पायरीहून अधिक धरावी लागते.

मर्यादा : बारा समान भागांत विभागलेल्या सप्तकात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) अंतरावर येतो, तर तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटांवर असतो. दरबारी कानड्याचा आंदोलित गांधार किंवा मींड हे तर बिंदू नसून मार्ग आहेत. मिडीतील स्वर वाकविण्याच्या संदेशात १६,३८४ पायऱ्या आहेत. परंतु तो संपूर्ण वाहिनीस लागू पडतो, सबब संघातील एकच स्वर हलविण्याची मुभा त्यात नाही. मिडीच्या २०१८ मधील एमपीई या विस्ताराने प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी देऊन व २०२० मधील मिडी २.० ने स्वरागणिक संदेशाची तजवीज करून ही उणीव बरीचशी भरून काढली.

झाशी व परिसर : स्वरलेखन व त्याचे संगणकीय रूप यांच्या भारतीय इतिहासातील काही टप्पे, १७४२ पासून नारो शंकर व पुढे नेवाळकर या मराठी शासकांच्या अमलामुळे मराठी वस्ती रुजलेल्या झाशीहून लोहमार्गाने जवळ पडणाऱ्या ग्वाल्हेर, लखनौ व कानपूर या तीन नगरांशी निगडित आहेत. ग्वाल्हेरास १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय निघाले. लखनौस १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय स्थापन होऊन भातखंडे-लिपी परीक्षांच्या द्वारे उत्तर प्रदेशभर पोहोचली. त्याच लखनौत उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकलेले जेम्स किपेन व संगणकज्ञ बर्नार्ड बेल यांनी १९८० नंतरच्या दशकात तबल्यातील ‘कायदा’ या रचनाप्रकाराचे व्याकरण मांडणारी ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावली सिद्ध केली. तीत तबल्याचा बोल हेच मूळ चिन्ह असून त्यांच्या विस्ताराचे नियम हीच विदा होय. पलुसकरांचे शिष्य शंकर श्रीपाद बोडस कानपुरास स्थायिक झाले; त्यांच्या कन्या वीणा सहस्रबुद्धे या विख्यात गायिका, तर जामात हरी सहस्रबुद्धे यांनी उपाध्ये यांच्यासमवेत १९९२ मध्ये रागाची चलनपद्धती सांत अवस्थायंत्राच्या रूपाने मांडली, म्हणजे कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वरावर जाण्याची परवानगी आहे याचा नकाशाच संगणकास दिला. झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरच्या परिसरात जन्मलेले लोककवी ईसुरी यांच्या फागा, म्हणजे बुंदेली लोकगीते, मात्र आजही प्रामुख्याने कंठोकंठी चालत आलेल्या आहेत, आणि अशा गायनाची नोंद करू पाहणाऱ्यास केवळ पेटीच्या पट्ट्यांचे क्रमांक पुरणार नाहीत.

मूल्यमापन : स्वरांक ही वाद्यास द्यावयाची आज्ञा आहे, संगीताची नोंद नव्हे. षड्ज एकदा स्वतंत्र सांगून प्रत्येक स्वर त्याच्या अपेक्षेने, प्रत्येक संघ मूळ स्वर व अंतरांनी आणि प्रत्येक मींड तिच्या मार्गासह लिहावी, व निरपेक्ष अंक वाजविण्याच्या क्षणीच काढावा, हीच पद्धती भारतीय संगीतास न्याय देणारी असून पाश्चात्त्य स्वरसंघांसही ती सर्वथा उपयुक्त ठरते.