कुंभारजुव्याचा कालवा : खंदक, वाट आणि बांध

गोव्यातील मांडवी व झुआरी या दोन नद्यांना जोडणाऱ्या सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या प्रवाहाला रूढीने कुंभारजुव्याचा कालवा म्हणतात. कालवा म्हटले की मानवी हातांनी खणलेला पाट डोळ्यांपुढे येतो. हा प्रवाह मात्र दोन्ही मुखांतून भरतीचे पाणी घेणारी खाडी आहे. नावातील ही विसंगती केवळ कोशकारांचा प्रश्न नव्हे. या पाण्याकडे कोण कोणत्या गरजेने पाहत आला, याचा इतिहास तीत साठला आहे.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकल्यावर हा प्रवाह त्यांच्या राजधानीचा पूर्वेकडील खंदक ठरला. पलीकडच्या अंत्रुज महालावर आदिलशाही, मराठे व सौंधेकर यांचे अंमल येत-जात राहिले. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा अनेक दैवतांनी पाणी ओलांडून आश्रय शोधला. चोडणचा देवकीकृष्ण अखेरीस माशेलात स्थिरावला. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने उत्तर मुखाजवळचे जुवे बेट घेतले आणि राजधानी किती उघडी आहे, हे पोर्तुगीजांना उमगले. १७६३ मध्ये फोंडे महाल त्यांच्या हाती गेल्यावर खंदकाचे प्रयोजनच उरले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिजाच्या निर्यातीने या प्रवाहाला नवे काम दिले. इंग्लंडमध्ये वर्स्लीच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी १७६१ मध्ये कालवा खणला गेला. पुढे तिकडच्या अनेक कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या अरुंद नावा घोड्यांनी ओढल्या. तेथे उद्योगाने पाणी निर्माण केले. येथे असलेले पाणी उद्योगाने कामाला जुंपले.

या कामाचे मर्म पावसाळ्यात कळते. मृग लागला की आग्वादजवळचा वाळूचा दांडा खवळतो आणि मांडवीचे मुख बार्जना बंद होते. मग खनिजाने भरलेली बार्ज समुद्राकडे न जाता आत वळते, बाणस्तारीच्या पुलाखालून सरकत झुआरीत उतरते आणि मुरगाव बंदर गाठते. पावसाच्या झडीत समोरचा काठ पुसट होतो. ताडपत्रीखालचे खनिज, तांबूस पाणी आणि भरतीची वेळ सांभाळणारा तांडेल, एवढेच जग उरते.

परंतु त्याच आठवड्यांत काठापलीकडच्या खाजन शेतांत भाताची लावणी चाललेली असते. पावसाने जमिनीतील मीठ धुतले की कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात तेथे उभे राहते. ही शेते चिखलमातीच्या बांधांवर आणि पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशींवर तगतात. बार्जची लाट बांधाचा पाया पोखरते. दांड्याने समुद्राची वाट अडवली की तिचा भार या बांधांवर पडतो, आणि तोही पीक उभे असताना. २०१०-११ मध्ये गोव्याने पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात केले. त्या आकड्यात बांधाच्या डागडुजीचे दिवस कोठेही मोजलेले नाहीत.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. मर्यादित स्वरूपात पुन्हा चालू झाल्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. बार्ज काठाला लागल्या, खलाशांची चूल विझली. म्हणजे बांध वाचला तोही कोणाच्या तरी भाकरीच्या मोलाने. लिलावांनंतर २०२४ पासून काही खनन पुन्हा सुरू झाले आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने या प्रवाहाला सत्ताविसावा क्रमांक दिला आणि ‘नदी’ म्हणून त्याची नोंद केली. वाहतुकीसाठी झालेल्या कायद्याने कालव्याला नदी म्हणावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कालव्याला मालक असतो. नदीला काठ असतो. पुढच्या पावसाळ्यांत बार्ज पुन्हा या वाटेने आत वळतील, तेव्हा भाड्याच्या हिशेबात बांधाचा खर्च धरला गेला आहे की नाही, यावरूनच ती नोंद खरी की नुसती कागदावरची, हे ठरेल.