बेरियम : विषारी, तरीही पोटात

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. तीस वर्षे त्यांनी माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवले. काही वर्षांपूर्वी ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. चिठ्ठीवर ‘बेरियम एनिमा’ एवढेच लिहिले होते. “अहो, बेरियम क्लोराइड विषारी आहे, हाताळल्यावर हात धुवा, असे मी जन्मभर मुलांना बजावत आलो. आणि आता तेच बेरियम माझ्या आतड्यात भरणार?” सरांची रात्रभर झोप झाली नव्हती. त्यांची शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका परीक्षानळीत होते. ते समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

१८९५ च्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाताच्या हाडांचे चित्र पाहून सारे जग थक्क झाले. पण पोटातील आतडी मात्र त्या चित्रांत दिसत नसत. असे का? अणुक्रमांक जितका मोठा, तितके तो अणू क्ष-किरणांना अधिक अडवतो. हाडांत कॅल्शियम असते, त्याचा अणुक्रमांक २०. जठर, आतडी, स्नायू हे सारे मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन या हलक्या अणूंचे बनलेले. त्यामुळे क्ष-किरणांना ते जवळजवळ सारखेच. मग पोकळ अवयवात एखादा जड अणूंचा पदार्थ भरला तर? निदान त्या पोकळीचा आकार तरी दिसेल.

ही कल्पना १८९६ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन या वैद्यकीय विद्यार्थ्याने वापरली. त्याने आधी हंसाला आणि पुढे मांजरांना बिस्मथ सबनायट्रेट खाऊ घातले. बिस्मथचा अणुक्रमांक ८३. पडद्यावर जठराच्या लाटा स्पष्ट दिसू लागल्या. मांजर चिडले की त्या लाटा थांबतात, हेही त्याला दिसले. १९०४ मध्ये म्युनिकच्या हेर्मान रीडर यांनी रुग्णांना बिस्मथ मिसळलेली पेज देण्याची पद्धत रूढ केली. बस्तीवाटेही बिस्मथ मोठ्या आतड्यात सोडले जाऊ लागले.

पण काही रुग्ण तपासणीनंतर निळे पडले, काही दगावले. दोष कोणाचा? बिस्मथ धातूचा नव्हे, तर त्याच्या जोडीला असलेल्या नायट्रेटचा! आतड्यातील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. ते रक्तात गेले की हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही.

दुसऱ्या पदार्थाचा शोध सुरू झाला. १९१० मध्ये जर्मनीतील बॉन येथे बाखेम आणि ग्युंटर यांनी बेरियम सल्फेट सुचवले. बेरियमचा अणुक्रमांक ५६, म्हणजे सावली पाडायला पुरेसा. पण बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी, हे तेव्हाही ठाऊक होते. मग हे धाडस कसे? कारण बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम! विरल हायड्रोक्लोरिक आम्लातही, म्हणजे जठररसातही, ते विरघळत नाही. विरघळले नाही तर बेरियमचे आयन सुटे होत नाहीत, रक्तात शिरत नाहीत. भुकटी जशी आत जाते तशीच बाहेर पडते.

आता बेरियम कार्बोनेट पाहा. पाण्यात तेही फारसे विरघळत नाही, पण आम्लात विरघळते. म्हणूनच ते उंदीर मारण्यासाठी वापरले जाई. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये तपासणीच्या बेरियम सल्फेटात कार्बोनेटची भेसळ राहून गेली आणि अनेक रुग्णांचे प्राण गेले. म्हणून औषधी भुकटीची शुद्धता काटेकोरपणे तपासावी लागते.

१९२३ मध्ये जर्मनीतील फिशर यांनी आणखी एक सुधारणा केली. आतड्याच्या अस्तराला बेरियमचा पातळ लेप द्यायचा आणि मग आत हवा भरायची. त्यामुळे बारीक गाठी आणि व्रणही दिसू लागले.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे, तेही या इतिहासातूनच उमगते. आतडे रिकामे हवे, कारण मळाचा गोळा चित्रात गाठीसारखा दिसतो. म्हणून आदल्या दिवशी पातळ आहार आणि रेचक. गुदद्वारातून नळीने द्रव आणि हवा सोडतात, तेव्हा शौचाची भावना होते, कळा येतात. हे अपेक्षितच आहे. टेबलावर कूस बदलायला सांगतात, ते लेप सगळीकडे पसरावा म्हणून. क्ष-किरणांची मात्रा साध्या छातीच्या चित्रापेक्षा बरीच जास्त असते. गर्भारपणाची शक्यता असल्यास आधीच सांगावे. नंतर एक-दोन दिवस शौचाला पांढरे होते. आतडे पाणी शोषून घेते आणि बेरियम घट्ट होऊन अडकू शकते, म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर भरपूर पाणी प्यावे. तीव्र पोटदुखी, ताप वा रक्तस्राव झाल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

एक अपवादही महत्त्वाचा. आतड्याला छिद्र असल्याचा संशय असेल तर बेरियम वापरत नाहीत. उदरपोकळीत सांडलेली न विरघळणारी भुकटी शरीराला काढून टाकता येत नाही. तेथे आयोडीनयुक्त, पाण्यात विरघळणारा पदार्थ वापरतात. जो गुण तारतो, तोच येथे घात करतो.

१९६९ नंतर लवचीक दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहणे आणि गाठ तेथेच काढणे शक्य झाले. १९९४ पासून सीटी स्कॅनचाही पर्याय आला. त्यामुळे बेरियम एनिमा आता पूर्वीच्या मानाने कमी करतात. तरी काही कारणांसाठी तो आजही करावा लागतो.

सरांना मी एवढेच विचारले, “सर, सल्फेटची परीक्षा कशी घेता?” ते चटकन म्हणाले, “बेरियम क्लोराइड घालायचे. पांढरा अवक्षेप येतो, तो विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही...” आणि मध्येच थांबून हसले. तपासणीला ते निर्धास्तपणे गेले. चिठ्ठी देताना कोणी दोन वाक्ये सांगितली असती, तर रात्रीची झोपही वाचली असती. आपण वर्गात ही परीक्षा दाखवाल, तेव्हा तो पांढरा अवक्षेप रुग्णालयात काय काम करतो, हेही मुलांना जरूर सांगा.