अंडरटेल : शत्रूला न मारता पूर्ण होणारा खेळ

‘अंडरटेल’ हा अमेरिकी संगीतकार व गेम-रचनाकार टोबी फॉक्स याने जवळजवळ एकहाती तयार केलेला रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम होय. १५ सप्टेंबर २०१५ रोजी तो प्रथम संगणकासाठी प्रसिद्ध झाला. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय तयार होणाऱ्या अशा खेळांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र निर्मितीचे खेळ म्हणतात. अंडरटेलची चित्रे आणि संगीत जुन्या जपानी खेळांच्या धाटणीचे आहे. मात्र त्याचे महत्त्व त्या जुनेपणात नाही. त्या परंपरेने सुमारे तीस वर्षे गृहीत धरलेल्या एका गोष्टीवर त्याने नेमके बोट ठेवले.

ही परंपरा आपल्याकडे फारशी परिचित नाही. १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते मुख्यतः ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ यांसारखे उड्या मारण्याचे व गोळ्या झाडण्याचे खेळ घेऊन. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून ते कोकणातल्या काही घरांतही पोहोचले. जपानमध्ये त्याच पिढीच्या यंत्रावर आणखी एक प्रकार रुजला होता. एनिक्स कंपनीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि स्क्वेअर कंपनीचा ‘फायनल फँटसी’ (१९८७) ही त्याची ठळक उदाहरणे. या खेळांत हाताच्या चपळाईपेक्षा धीर अधिक लागतो. गावोगाव हिंडावे, लोकांशी बोलावे आणि वाटेत राक्षस आडवा आला की पाळीपाळीने वार करावेत, अशी त्यांची रीत असते. मारलेल्या प्रत्येक राक्षसामागे ‘एक्सपी’ म्हणजे अनुभवाचे गुण मिळतात. गुण साठले की नायकाची पातळी आणि शक्ती वाढते. जितके अधिक मारावे तितके मोठे व्हावे, असा हा सरळ हिशेब आहे.

या चौकटीला वेगळे वळण दिले ते शिगेसातो इतोई या जाहिरातलेखकाच्या ‘मदर’ (१९८९) या खेळाने. त्यात तलवार घेतलेल्या वीराऐवजी बेसबॉलची बॅट घेतलेला मुलगा होता आणि भरपूर तिरकस विनोदही. त्याचा १९९४ मधील दुसरा भाग पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘अर्थबाउंड’ या नावाने आला. फॉक्सवर सर्वाधिक प्रभाव याच खेळाचा आहे. २००८ मध्ये, किशोरवयातच, त्याने अर्थबाउंडमध्ये फेरफार करून स्वतःची आवृत्ती तयार केली होती. २०१३ मध्ये अंडरटेलसाठी त्याने ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर लोकांकडे ५,००० डॉलर मागितले. जमले ५१,००० डॉलरहून अधिक. ‘गेममेकर’ या सॉफ्टवेअरच्या आधारे सुमारे पावणेतीन वर्षांत खेळ पूर्ण झाला. चित्रांसाठी टेमी चँग हिचे प्रमुख साहाय्य लाभले; संगीत फॉक्सचे स्वतःचे आहे.

कथा साधी आहे. माणसांनी युद्धात हरवून जमिनीखाली कोंडलेल्या राक्षसांच्या राज्यात एक मूल पडते आणि त्याला घरी परतायचे असते. राक्षस समोर आला की खेळाडूपुढे चार पर्याय असतात : लढणे, काही कृती करणे, जवळची वस्तू वापरणे आणि दया करणे. उदास भुताला धीर द्यावा, पहाऱ्यावरच्या कुत्र्याला कुरवाळावे, म्हणजे लढाई रक्ताविना मिटते. शत्रूशी बोलण्याची ही कल्पना ‘शिन मेगामी तेन्सेई’ या जपानी मालिकेशी नाते सांगते. प्रतिपक्षाच्या माऱ्यातून हृदयाचे छोटे चिन्ह वाचवण्याची पद्धत ‘तोहो’ या मालिकेतील गोळ्यांच्या वर्षावाची आठवण करून देते.

दया मात्र फुकट मिळत नाही. कोणालाही न मारणाऱ्या खेळाडूची पातळी शेवटपर्यंत एकच राहते आणि त्याची जीवनशक्ती २० गुणांपुढे जात नाही. त्यामुळे अखेरच्या लढाया अवघड होतात. शेवटाकडे सान्स नावाचा सांगाडा खुलासा करतो, की इथे ‘एक्सपी’ म्हणजे अनुभव नव्हे, तर ‘एक्झिक्यूशन पॉइंट्स’, म्हणजे घेतलेल्या जिवांचे गुण. आणि ‘एलव्ही’ म्हणजे ‘लेव्हल ऑफ व्हायोलन्स’, हिंसेची पातळी. जुनी अक्षरे तीच राहतात, अर्थ उलटा होतो.

खेळाची स्मरणशक्तीही लक्षणीय आहे. आरंभी आसरा देणाऱ्या टोरिएलला चुकून मारले आणि जुन्या नोंदीवर परत जाऊन तिला वाचवले, तरी फ्लावी नावाचे फूल त्या कृत्याची आठवण काढून खेळाडूला खिजवते. सर्वांना शोधून मारण्याची वाट धरली, तर गावे ओस पडत जातात. आणि ती वाट शेवटास नेल्यास पुढे खेळलेल्या सुखान्त कथेवरही तिचा डाग राहतो.

२०१६ मध्ये स्वतंत्र खेळांच्या ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’मध्ये अंडरटेलला प्रेक्षक पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये त्याची जपानी आवृत्ती निघाली आणि प्रेरणेच्या मूळ भूमीतही त्याचे स्वागत झाले. जानेवारी २०२२ मध्ये व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलावंतांनी केलेल्या कसरतींना साथ होती ती याच खेळातील ‘मेगालोव्हानिया’ या धूनची. फॉक्सच्या ‘डेल्टारून’ या पुढील खेळाची प्रकरणे २०१८ पासून टप्प्याटप्प्याने येत आहेत.

छोट्या गटांनी खेळ घडवण्याची ही वाट महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ हा साहसी खेळ २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. तो रोल-प्लेइंग प्रकारचा नव्हे, आणि त्यासाठी २०१७ मध्ये लोकनिधी उभारण्याचा प्रयत्न फसलाही होता. तरी खेळ पूर्ण झाला. स्वतंत्र निर्मात्याजवळ पैसा व माणसे थोडी असतात. अंडरटेलने त्या तुटपुंज्या साधनांतून खेळाच्या मूळ नियमालाच प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्याची जबाबदारी खेळाडूवर सोपवली.