लिलाव, ऐतिहासिक वस्तूंचा

जाहीर बोली लावून सर्वाधिक किंमत देणाऱ्यास वस्तू विकण्याची पद्धत. ‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. लंडनमधील सदबी (स्थापना १७४४) ही पेढी प्रारंभी ग्रंथांचा लिलाव करी. क्रिस्टी (१७६६) तिच्यामागून निघाली. महाराष्ट्राचा अशा व्यवहाराशी ठळक संबंध आला तो मात्र जितांच्या बाजूने.

त्र्यंबकेश्वर देवस्थानचा ‘नासक’ हिरा पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. १८३१ साली लंडनला लिलावात तो ७,२०० पौंडांस गेला. सु. ९० कॅरटांचा हा हिरा पुनःपुन्हा पैलू पाडल्याने १९४० मध्ये ४३·३८ कॅरटांवर आला. तेज वाढले, मूळचा घाट कायमचा गेला.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले व डलहौसीने राज्य खालसा केले (१८५४). त्यानंतर राजवाड्याच्या दौलतीचा लिलाव झाला. बांकाबाई आदी राजस्त्रियांचा विरोध न जुमानता हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले गेले. जवाहीर कलकत्त्यास हॅमिल्टन आणि कंपनीमार्फत विकण्यात आले. हे उत्पन्न भोसले कुटुंबाच्याच निर्वाहासाठी आहे, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. लोकांच्या मनात ती लूटच राहिली, आणि ते अकारण नव्हते.

याच घराण्यातील पहिल्या रघूजींची (मृ. १७५५) तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी सदबीच्या लंडन येथील लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती सु. ४७ लाख १५ हजार रुपयांस घेतली व ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लूट वा भेट म्हणून ती इंग्रजांकडे गेली असावी, असा तर्क केला जातो. ही तलवार ‘फिरंग’ प्रकारची आहे. पाते यूरोपीय बनावटीचे, मूठ मुल्हेरी घाटाची. पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब. परदेशी पोलादाची ख्याती मोठी असल्याने आयात पात्यांना देशी मुठी बसविण्याचा प्रघात मराठी सैन्यात रूढ होता. चांगले पाते मोडीत काढीत नसत. मूठ झिजली, तर नवी बसवीत.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंची खाजगी निर्यात निषिद्ध आहे. त्यापूर्वी देशाबाहेर गेलेल्या वस्तूंना तो लागू पडत नाही. म्हणूनच ही तलवार हक्काने मागता आली नाही, बोली लावून विकत घ्यावी लागली.