सटवाईचा कोरा कागद

आजीचं पहिलं बाळंतपण रझाकारांच्या गोंधळाच्या साली झालं. इसवी सन तिला ठाऊक नव्हता. रझाकार, बहात्तरचा दुष्काळ आणि एमआयडीसीचा भोंगा, एवढ्यावर तिची मोजदाद चाले. जालन्यात, चंदनझिऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत, वडील रात्रपाळीला गेले की ती सांगायला बसायची. भोकरदनकडचं गाव, अंधारी खोली, बाजेखाली शेगडी. सुईणीनं नाळ कापली ती गोठ्यात खोचलेल्या विळ्यानं, वर गोवरीची राख दाबली. पाचवीला पाटावर तोच विळा मांडला. शेजारी कोरा कागद आणि टाक, रात्री सटवाईनं येऊन लेकराचं नशीब लिहावं म्हणून.

आठव्या दिवशी लेकरानं दूध सोडलं. जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताठलं.

"सटवाईनं तेवढंच लिवलं व्हतं," आजी म्हणायची आणि विस्तव सारखा करायची.

शाळेत धनुर्वाताचा धडा आला तेव्हा मला तो विळा आठवला. माती-शेणातले जंतू, उघडी नाळ. आजीला सांगावं का, यात मी बरेच दिवस घालवले. शेवटी नाहीच सांगितलं. ज्याची पूजा केली त्याच विळ्यानं लेकरू नेलं, हे त्या वयात तिला कशाला कळायला हवं? गरोदर बायांना लस आणि नाळेला निर्जंतुक ब्लेड, एवढ्यावर नवजात बाळांचा धनुर्वात हटला. 2015 साली भारतातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

आजी सुईणीला मात्र कधी नावं ठेवत नसे. "दोन रात्री माज्या कंबरेवरचा हात तिनं काढला न्हाई," हे ती दरवेळी सांगे. तेव्हा मला ते लांबण वाटायचं.

धाकटी बहीण झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईला गावातल्या एका दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही. घरचं कुणी आत सोडलं नाही. आई टेबलावर एकटी, कळा येताहेत, आणि बाहेर आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं कुणीतरी तिला गप्प बसायला सांगतंय. बहीण जन्मताच तिला धुऊन काढली, ते ऐन थंडीत. ती निळी पडली, कशीबशी सावरली. आईचं रक्त थांबेना, तेव्हा कळा कधी सुरू झाल्या, इंजेक्शन कोणतं दिलं, हे सांगणारा एकही कागद निघाला नाही.

वडील तेव्हा सळईच्या कारखान्यात भट्टीवर नोंदी ठेवायचे. भंगार वितळलं की एक हीट. तिला नंबर, वेळ, तापमान. चमचाभर वितळलेलं लोखंड नमुन्याला लॅबमध्ये. नमुना बिघडला तर माल पुढे जात नाही. त्या रात्री घरी आल्यावर ते एवढंच बोलले, "लोखंडाला जेवढी लिखापढी, तेवढी बाईला न्हाई." जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ते बाजारपेठेचं कौतुक. पाळण्यातल्या लेकराचा त्यात काही संबंध नाही.

आता बाया दवाखान्यात जातात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण दवाखान्याच्या दारापर्यंत पोचणं म्हणजे सुखरूप सुटणं नव्हे, हे आमच्या घराला त्या रात्रीच कळलं होतं. सरकारची 'लक्ष्य' योजना डिसेंबर 2017 मध्ये आली ती नेमकी दाराच्या आतल्या कारभारासाठी: प्रसूतिकक्ष आणि तिथली शस्त्रक्रियेची खोली. तपासणीत गुण मिळतात, गुणांवर चांदी, सोनं, प्लॅटिनम असे बिल्ले. बिल्ल्यांचं मला फारसं अप्रूप नाही. मला बघायचा असतो तो पार्टोग्राफ, म्हणजे कळांची नोंद ठेवायचा कागद.

तो मी पहिल्यांदा पाहिला शेजारच्या खोलीतल्या सुनेच्या बाळंतपणात. नवरा रोलिंग मिलला, माहेर-सासर दोन्ही बिहारात. सोबतीला मीच गेले. सिस्टरनं मला आत घेतलं आणि भिंतीजवळ स्टूल दिलं. दर अर्ध्या तासाला ती पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकायची आणि कागदावर ठिपका द्यायची. पिशवीचं तोंड किती उघडलं, त्याच्या फुल्या वेगळ्या. कागदावर दोन तिरप्या रेघा छापलेल्या. "फुली पहिली रेघ ओलांडून गेली की सावध व्हायचं," ती म्हणाली, "दुसरीला टेकली तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना उठवायचं." पोरीनं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी वाढली.

बाळ आलं ते पुसून थेट आईच्या छातीवर. मांडीत इंजेक्शन, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. नाळेची धडधड थांबेपर्यंत कुणी घाई केली नाही. मग प्लॅस्टिकची चिमटी लावली आणि पाकिटातून ब्लेड निघालं. आंघोळीचं नावही नाही. तासाच्या आत लेकरू पाजलं.

तुमच्या घरची कुणी सरकारी दवाखान्यात बाळंत होणार असेल, तर स्वतः बाळंतपणातून गेलेली एक बाई तिच्यासोबत आत पाठवा. 2016 पासून तशी परवानगी आहे. अडवलं तर तसं सांगा. आणि पार्टोग्राफचा कागद भरताहेत ना, हे आत गेलेल्या बाईला बघायला सांगा.