कपाळावरची नागीण : बहात्तर तास

आधीचे दोन-तीन दिवस. डोक्याची एकच बाजू ठणकते. कंगवा टेकला तरी कपाळाची कातडी चरचरते. आलापल्लीत मोहफुलं वेचायचे दिवस असले की दोष उन्हावर जातो, पहाटेपासूनच्या वाकण्यावर जातो. साठीतली बाई डोक्याला फडकं आवळून पुन्हा टोपली उचलते. ही कुणा एकीची हकिगत नाही. हा आजार ज्या क्रमानं पुढे सरकतो, तो क्रम मी या गावाच्या वाटांवर मांडून पाहतो आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं निपचित असतो. वय वाढलं किंवा मधुमेह, एचआयव्ही अशा कारणानं प्रतिकारशक्ती खचली, की तो जागा होऊन त्याच तंतूनं खाली उतरू शकतो.

७२ तास बाकी. फोड उठल्यापासून विषाणूविरोधी गोळी सुरू करायची ही मुदत. कपाळावर लाल चट्टा, त्यावर पाण्यानं भरलेल्या फोडांचे पुंजके. कपाळाच्या मध्यावर ते रेघ आखल्यासारखे थांबतात, कारण तो तंतू चेहऱ्याच्या अर्ध्याच भागाचा असतो. रोग ओळखायला एवढी खूण पुरे. तरीही घरात कुणी ‘नागीण’ म्हणत नाही. नागीण कंबरेला होते, बरगडीवर होते, हेच सगळ्यांनी पाहिलेलं असतं. किडा चावला असेल, कोळी फिरला असेल, असं म्हणून दिवस जातो. पुढचं बहुतेक नुकसान या न ओळखण्यातच पेरलं जातं, असं मला वाटतं.

५५ तास बाकी. वरची पापणी सुजून डोळा मिटतो. आता कुणीतरी ओळखतं, आणि घरावर धसका बसतो : नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो म्हणे. गेरूचा लेप लागतो, मंत्र होतो. पुजाऱ्याकडे जाऊच नका, असं मी सांगणार नाही. भेदरलेल्या बाईला तिथं धीर मिळतो. पण ‘कपाळावरची आहे, आधी अहेरीच्या दवाखान्यात न्या’ हे त्याच्याच तोंडून निघालं, तर डोळा वाचायला मोठी मदत होईल.

४४ तास बाकी. नाकाच्या शेंड्यावर एक फोड. लंडनचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८६५मध्ये याच फोडाकडे लक्ष वेधलं. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच तंतूच्या फांद्या जातात, त्यामुळे तिथला फोड म्हणजे डोळ्यावरचं संकट. मात्र नाक स्वच्छ दिसतं म्हणून डोळा सुटला, असं धरू नये.

३० तास बाकी. डोळा लाल, उजेड सोसवत नाही, समोरचं धूसर. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब येतात. त्यात स्टेरॉइड असेल आणि डॉक्टरनं डोळा पाहिलेलाच नसेल, तर जखम चिघळू शकते. डॉक्टर स्वतः काही वेळा स्टेरॉइड देतात, पण तपासून आणि नजर ठेवून.

२० तास बाकी. ‘चांगल्या’ दवाखान्यासाठी चंद्रपूरचा विचार सुरू होतो. आष्टीवरून वैनगंगा ओलांडून जायचं, शंभर किलोमीटरांहून लांब. सोबतीला माणूस हवा, पैसे हवेत. यात आणखी एक रात्र जाते. खरं तर पहिल्या गोळीसाठी एवढं थांबायचं कारणच नसतं. असायक्लोव्हिर ही या विषाणूवरची जुनी, सर्वपरिचित गोळी आहे. तिच्या संशोधनाशी जोडलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८मध्ये नोबेल मिळालं. मोठ्या माणसाला सहसा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस; मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा डॉक्टर बदलतात. ती लिहून द्यायला डोळ्यांचाच डॉक्टर लागत नाही. गोळी आधी सुरू करावी आणि मग डोळे तपासायला लांब जावं. नुसतं मलम लावून भागत नाही.

० तास. मुदत संपली. म्हणून औषध सोडून द्यायचं नाही; डोळ्याच्या नागिणीत, विशेषतः नवे फोड येत असतील तर, डॉक्टर उशिरानंही ते देतात. उपचार न मिळालेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या डोळ्याला इजा होते. बुबुळावर व्रण पडतो, आत दाह होतो, डोळ्यातला दाब वाढतो. क्वचित मागचा पडदाच सडू लागतो, आणि तेव्हा नजर काही दिवसांत जाऊ शकते.

पुढचे आठवडे. खपल्या पडतात. कुणाच्या कपाळात महिनोन्‌महिने आग राहते. कुणाचा डोळा मात्र दुखायचा थांबतो, आणि मला भीती याचीच अधिक वाटते. बुबुळ बधिर झालं असेल तर धूळ गेलेली कळत नाही, काडी लागलेली कळत नाही, व्रण खोल जाऊन बुबुळाला भोक पडेपर्यंत दुखत नाही. घरचे समजतात, बरं झालं. डॉक्टर कापसाच्या बारीक धाग्यानं बुबुळाला हळूच स्पर्श करून डोळा मिचकतो का ते पाहतात. ही तपासणी फोड सुकल्यावरही करून घ्यायची असते, बाई कामावर परत जाऊ लागली तरीही.